बीटनबाईंचं बिऱ्हाड

माझ्या एका मेहुणीचा दिवस पहाटे पाच वाजता सुरू होतो. ही खाजगी बाब मला ठाऊक असण्याचं कारण एवढंच की, ती दर आठवड्याला ती छापते.

मेहुणी म्हणजे हिची मावसबहीण. एका साप्ताहिकात ती घराविषयी सदर लिहिते. पाचला उठायचं, पूर्वेची खिडकी उघडायची, पितळी घंगाळात पाणी भरून त्यावर मोगऱ्याची चार फुलं सोडायची, मग मातीच्या कपात एक कप आल्याचा चहा – 'फक्त स्वतःसाठी'. साडेसहापर्यंत न्याहारी, डबे आणि मनःशांती असं सगळं तयार. दुपारी जुन्या साडीच्या काठांचे उशांचे अभ्रे. संध्याकाळी दिवेलागण. रात्री एखादं चांगलं पुस्तक. सोबत फोटो असतो. फोटोत ऊन नेहमी तिरपं पडलेलं असतं. आमच्या घरात ऊन येतं, पण ते सरळ अंगावर येतं.

आमचाही दिवस पाचलाच सुरू होतो, कारण पाणी पाचला येतं. त्यानंतर जे घडतं ते छापण्यासारखं नसतं. दोघांना डोंबिवलीहून मुंबई गाठायची असते. हिची गाडी माझ्या आधी. घरी निवडायची राहिलेली मेथी ही पिशवीतून नेते आणि बायकांच्या डब्यात कुर्ला येईपर्यंत निवडून टाकते. आमच्या संसाराचा निम्मा स्वयंपाक मध्य रेल्वेच्या हद्दीत होतो.

मेहुणीचं सदर ही मोठ्याने वाचते. मला ऐकू जाईल, पण मला उद्देशून आहे असं सिद्ध करता येणार नाही, अशा बेताने.

"घंगाळ आपल्याकडेही आहे," मी एकदा म्हणालो.

"आहे ना. माळ्यावर. त्यात तुमचे जुने दिवाळी अंक आहेत."

मग एका रविवारी तिनं अंक खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "अहो, हिच्याकडे भांडी कोण घासतं हो? इतकी वर्षं वाचतेय, त्यावर एक ओळ नाही."

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. प्रश्नातली मेख मला लगेच कळली. जमेच्या बाजूला घंगाळ, मोगरा, तिरपं ऊन. नावेची बाजू कोरी! असा ताळेबंद घेऊन कोणी आमच्या शाखेत कर्ज मागायला आला, तर साहेब त्याला चहासुद्धा विचारणार नाहीत.

नेमक्या याच सुमाराला फोर्टातल्या फुटपाथवर, फ्लोरा फाउंटनजवळ, मला मिसेस बीटन भेटल्या. म्हणजे त्यांचं पुस्तक भेटलं. घर कसं चालवावं यावरचं, विटेसारखं जाड, कणा मोडलेलं. विक्रेत्यानं दोनशे सांगितले, मी पन्नास म्हणालो, आणि शेवटी ऐंशीला सौदा तुटला. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ते घरी आणलं. ही भेट मी पुन्हा कोणाला सुचवणार नाही. हिनं ते दोन्ही हातांनी तोललं आणि लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलं. लोणचं मुरेपर्यंत पुस्तकाला हात लावायची परवानगी नव्हती.

लोणचं मुरलं तेव्हा मी वाचायला घेतलं. आत काय नव्हतं! स्वयंपाक, जेवणावळी, नोकरमाणसं, पोरांची दुखणी, कायद्याच्या बाबी. घरातल्या मालकिणीची तुलना थेट सेनापतीशी केलेली. सेनापती लवकर उठला नाही तर सैन्य झोपतं, असा एकूण सूर. माझ्या डोळ्यांपुढे बाईंचं चित्र पक्कं झालं. साठीच्या, अंगानं भरलेल्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर चष्मा, आणि नजर अशी की हातातली बशी आपोआप स्वच्छ व्हावी. माझी आत्या. फक्त गोरी.

असं चित्र रंगवणारा मी एकटाच नव्हे. लिटन स्ट्रेची या मोठ्या चरित्रकाराच्या मनातसुद्धा काळ्या कपड्यांतली, बुटकी, पिंपासारखी गोल, व्हिक्टोरिया राणीच्या वळणाची कोणी बाई होती. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी १८९९ साली एक संसारी कादंबरी लिहिली. तिच्यातली माणसंही याच पुस्तकावर बोलतात, आणि असा निष्कर्ष काढतात की ज्या अर्थी बीटनबाई जगातल्या सर्वोत्तम गृहिणी, त्या अर्थी मिस्टर बीटन हा जगातला सर्वांत सुखी नवरा असला पाहिजे. खुद्द शेरलॉक होम्सला हे विचारलं असतं तर त्यानं आधी पुरावा मागितला असता. मी पुराव्याच्या मागे लागलो. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याचा हिशेब तपासण्यात जो आनंद मिळतो, तो स्वतःच्या पासबुकात मिळत नाही.

तर इझाबेला मेसन ही मुलगी १८३६ सालच्या मार्चमध्ये लंडनला जन्मली. वडील कापडाचे व्यापारी. ती चार वर्षांची असताना ते वारले. आईच्या पदरात चार मुलं. आईनं पुढं लग्न केलं ते हेन्री डॉर्लिंग नावाच्या विधुराशी. त्यालाही चार मुलं. चार आणि चार आठ, इथपर्यंत गणित आपल्या आटोक्यात आहे. पुढं त्या दोघांना आणखी तेरा झाली. एकूण एकवीस. क्रिकेटचे दोन संघ व्हायला फक्त एक गडी कमी. इझाबेला सगळ्यांत थोरली. म्हणजे घर कसं चालवावं हे तिला शिकावं लागलंच नाही, ते तिच्या अंगावर येऊन आदळलं.

हे डॉर्लिंगसाहेब एप्समच्या रेसकोर्सचे मुख्य व्यवस्थापक. तीच ती डर्बीची जागा. एवढी पोरं घरात मावेनात, तेव्हा त्यांनी तोडगा काढला. रेसकोर्सला मोठी थोरली प्रेक्षकांची इमारत होती. शर्यती वर्षातून मोजके दिवस. बाकी वेळ ती रिकामी. तिथं मुलांची पलटण आजीच्या आणि इझाबेलाच्या ताब्यात देऊन ठेवली. ज्या दालनात चार दिवस लोक पैजा लावून बरबाद होत, त्याच दालनात उरलेले दिवस ही मुलगी भावंडांना न्हाऊमाखू घालत असे. घरगुती जीवनाच्या या महान पुस्तकाच्या लेखिकेचं बालपण, नीट पाहिलं तर, घरात गेलंच नाही.

पुढं तिला शिकायला जर्मनीत हायडेलबर्गला पाठवलं. भाषा आल्या, पियानो आला आणि केक-पेस्ट्रीची गोडी लागली. परत आल्यावर ती गावातल्या मिठाईवाल्याकडे जाऊन ते काम शिकू लागली. घरच्यांना हे फारसं रुचलं नाही. घरंदाज मुलीनं मिठाई खावी. भट्टीजवळ कशाला जावं?

१० जुलै १८५६ रोजी तिचं सॅम्युएल बीटनशी लग्न झालं. (आता लग्न झालं, तेव्हा यापुढे आपण त्यांना अहोजाहो करू.) सॅम हा पंचविशीतला प्रकाशक. अमेरिकेतल्या गुलामांवरची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी १८५२ साली इंग्लंडात छापून त्याच्या कंपनीनं चांगला पैसा केला होता, आणि त्याच वर्षी त्यानं मध्यमवर्गीय बायकांसाठी दोन पेन्सचं मासिक काढलं होतं. गोष्टी, शिवण, पाककृती, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. आपल्याकडे पुढं जी मासिकं निघाली त्यांचा सगळा मालमसाला त्यात होता. नवराबायको लंडनबाहेर पिनर या भागात नव्या कोऱ्या घरात राहायला गेले. वर्षाच्या आत नवऱ्यानं बायकोला मासिकाच्या कामाला लावलं. फुकट मिळणारा लेखक हा प्रकाशकाला कायमच प्रिय असतो.

बाईंचं वय एकवीस. त्यांनी फ्रेंच गोष्टींची भाषांतरं सुरू केली आणि पाककृतींचं सदर हाती घेतलं. सुरुवातीच्याच काळात त्यांनी स्पंज केकची कृती दिली. तिच्यात अंडी घालायची राहिली! केकमध्ये नव्हे, कृतीमध्ये. हे वाचल्यावर बीटनबाईंबद्दल माझ्या मनात जो जिव्हाळा निर्माण झाला तो आजतागायत कमी झालेला नाही. मीही एकदा एका खातेदाराच्या रकमेतलं एक शून्य विसरलो होतो. फरक इतकाच की त्यांचे वाचक गप्प अंडी आणायला गेले असतील. माझा खातेदार थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

मग पुस्तकाचा घाट घातला गेला. घरच्या ओळखीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी त्यांना पत्रातून स्पष्टच कळवलं, की स्वयंपाक हे शास्त्र वर्षानुवर्षांच्या अनुभवानं येतं, तो अनुभव काही तुझ्याकडे नाही. तेव्हा बाजारात चांगली पुस्तकं ढिगानं आहेत, त्यांतून वेचून घे. बाईंनी हा सल्ला अक्षरशः पाळला. एलायझा ॲक्टन यांचं १८४५ सालचं पाकशास्त्र, त्याआधीची-नंतरची कितीतरी पुस्तकं, शिवाय वाचकांनी पाठवलेली पत्रं – सगळीकडून माल आला. कोणाचा किती, याची नोंद बहुतेक ठिकाणी नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रकमा जमा, व्हाउचर गायब. अभ्यासकांनी नंतर हे लेखापरीक्षण केलं, आणि बाईंच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा पाककृती त्यांना जेमतेम सापडल्या.

पण मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. दुसऱ्यांच्या कृती त्यांनी घेतल्या. पण त्या मांडल्या अशा की कारकुनालासुद्धा स्वयंपाक यावा. आधी लागणारं सामान, मोजून. मग कृती. मग किती वेळ, किती खर्च, किती माणसांना पुरेल, आणि कोणत्या ऋतूत करावं. ॲक्टनबाई सामानाची यादी कृतीच्या शेवटी देत. बीटनबाईंनी ती वर आणून ठेवली. म्हणजे अर्धी आमटी झाल्यावर घरात चिंच नाही हे कळण्याचा प्रसंग टळला. आज आपण कुठलीही पाककृती वाचतो ती साधारण याच साच्यात असते. आमच्या घरी 'रुचिरा' आहे, १९७० सालचं कमलाबाई ओगल्यांचं पुस्तक. ती हिच्या आईकडून हिला मिळालेली. हळदीचे डाग पडलेल्या पानावर ती आपोआप उघडते. तिची वाटी-चमच्याची मापं पाहिली की वाटतं, स्वयंपाकघरातला खरा शोध पदार्थाचा नसतोच. तो नेमकेपणाचा असतो. "अंदाजानं घाल" असं सांगणाऱ्या आज्यांच्या जगात "अमुक इतकं घाल" असं लिहायला धाडस लागतं.

चवीच्या बाबतीत मात्र बाईंना आपण नमस्कार करून पुढं जाऊ. मोठी गाजरं त्या पावणेदोन ते सव्वादोन तास उकडायला सांगतात. इतक्या वेळात आमची गाडी डोंबिवलीहून मुंबईला पोचून परत निघते. आपल्याकडची कढी, मुलगातवणी, कैरीची चटणी यांनाही त्यांनी पुस्तकात जागा दिली आहे. 'बंगाली' आंब्याच्या चटणीला तीस कच्ची आंबट सफरचंदं घेतली आहेत, आणि शिवाय व्हिनेगर. करीचा मसाला घरी कसा करावा हे सविस्तर सांगून झाल्यावर शेवटी बाई हळूच म्हणतात की, चांगल्या दुकानातून विकत आणलेला मसाला बहुधा जास्त चांगला असतो आणि परवडतोही. हे वाक्य मी हिला वाचून दाखवलं. दर उन्हाळ्यात डोंबिवलीच्या गच्चीवर मिरच्यांची राखण मीच करतो, त्यामुळे मला ते पटलं होतं. "त्या बाईंना सांगा आमच्या घरी जेवायला यायला," ही म्हणाली. विषय संपला.

आणि भांडी? गंमत अशी की मेहुणीनं जे लिहिलं नाही ते बीटनबाईंनी लिहिलं आहे. आकड्यांसकट. वर्षाला हजार पौंड मिळकत असेल तर पाच नोकर: स्वयंपाकीण, दोन घरकामवाल्या, मुलं सांभाळणारी, आणि एक पुरुष गडी. पाचशे असेल तर तीन बायका. दीडशे-दोनशेवाल्यांना एकच, सगळी कामं करणारी मुलगी. जमल्यास अधूनमधून मदतीला आणखी एखादी पोर. या तक्त्यात मी स्वतःला शोधत खाली-खाली गेलो आणि पान संपलं.

त्या एकटीनं सगळं करणाऱ्या मुलीचा दिवस बाईंनी तासातासानं मांडला आहे. घराच्या खिडक्या उघडायच्या, शेगडीतली राख काढायची, बूट घासायचे, पायऱ्या धुवायच्या, बिछाने, जेवण, भांडी, आणि उरलेल्या वेळात कपडे शिवायचे. घरातल्या सगळ्या चाकरांत हिचीच दया यावी, हिचं काम कधी संपत नाही आणि हिला सोबतही नसते, असं बाई लिहितात. पगार वर्षाला नऊ ते चौदा पौंड. चहा, साखर आणि बिअर मालकाकडची असेल तर त्याहून कमी. म्हणजे तिरपं ऊन कोणाच्या जिवावर पडतं ते निदान त्यांनी लपवलं नाही.

हिला मी हे सांगितलं. ही पोळ्या लाटता लाटता थांबली. "बरं. आणि बाई स्वतः काय करत होत्या दिवसभर?"

हे मात्र पुस्तकात नाही.

बाई दिवसभर ऑफिसात होत्या. १८६० पासून त्या नवऱ्याबरोबर सकाळची गाडी पकडून पिनरहून लंडनला मासिकाच्या कचेरीत जाऊ लागल्या. संपादिका म्हणून. त्या वेळच्या सकाळच्या गाडीत टोप घातलेले, वर्तमानपत्र उघडलेले पुरुषच. बायका जवळजवळ नसतच. मुद्रितं तपासायची, वाचकांची पत्रं, छापखाना, चित्रं. फॅशनची रंगीत चित्रं मिळवण्यासाठी दोघं पॅरिसलाही जाऊन आले. म्हणजे घरात बसून घर कसं सांभाळावं हे हजारो बायकांना सांगणारी बाई स्वतः आमच्या हिच्यासारखी रोज गाडीनं ये-जा करणारी नोकरदार बाई होती. मेथीची जुडी तेवढी नव्हती.

पुस्तक १८५९ च्या नोव्हेंबरपासून दरमहा तीन पेन्सला एक असं चोवीस भागांत निघालं, आणि १८६१ च्या ऑक्टोबरात एकत्र. पानं एक हजार एकशे बारा, किंमत साडेसात शिलिंग. पहिल्या वर्षात साठ हजार प्रती खपल्या. चार वर्षं हे काम चाललं. मी भागाकार करून पाहिला: दिवसाला पाऊण पान. ऐकायला थोडं वाटतं. प्रस्तावनेत बाईंनी कबूल केलं आहे की एवढे कष्ट पडणार हे आधी माहीत असतं तर या कामाला हात घालायचं धाडसच झालं नसतं. हजार-बाराशे पानांच्या ठामपणातली ही एकच कबुली. प्रस्तावना कोण वाचतं?

त्या चार वर्षांच्या दिनक्रमात आणखी काही नोंदी आहेत. पहिला मुलगा १८५७ च्या मे महिन्यात झाला आणि ऑगस्टात गेला. तीन महिन्यांचा. १८५८-५९ च्या थंडीत बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात आजूबाजूच्या गरिबांच्या पोरांसाठी मोठ्या हंड्यात सूप करून वाटलं. त्या सूपची कृती पुस्तकात आहे, खर्चासकट. सगळ्या पुस्तकात हीच एक कृती बाईंची खास स्वतःची आहे, असं जाणकार सांगतात. दुसरा मुलगा १८५९ मध्ये झाला. तो तीन वर्षांचा असताना १८६२ च्या शेवटच्या दिवशी गेला. मुलांचं संगोपन आणि त्यांचे आजार यावरची प्रकरणं तोवर छापून घराघरांत पोचली होती.

इथं माझं लोणच्याच्या वासाचं पुस्तक मी दोन दिवस मिटून ठेवलं होतं. आमच्या धाकट्याला त्या आठवड्यात ताप होता.

तिसरा मुलगा झाला तो १८६३ च्या शेवटच्या दिवशी, बरोबर एक वर्षानं. १८६५ च्या जानेवारीत बाई पुढच्या एका पाककोशाची मुद्रितं तपासत होत्या. काम अर्धं असतानाच कळा सुरू झाल्या. २९ तारखेला चौथा मुलगा झाला. बाळंतज्वर चढला आणि ६ फेब्रुवारीला बाई गेल्या. हा ज्वर बहुतेक वेळा बाळंतपण करणाऱ्याच्याच न धुतलेल्या हातांनी यायचा. व्हिएन्नात झेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ पासून हे कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, पण डॉक्टरमंडळींना ते अपमानास्पद वाटलं. स्वच्छतेचे धडे देणाऱ्या बाईंच्या घरात ही एक गोष्ट बाहेरून आली. त्याच वर्षी ऑगस्टात झेमेलवाइसही वारला.

बीटनबाईंचं वय होतं अठ्ठावीस.

साठीच्या माझ्या आत्याचं काय करायचं ते मला कळेना. माझ्या डोळ्यांपुढची बाई माझ्याहून वडील होती. खरी बाई आमच्या शाखेत नव्यानं लागणाऱ्या मुलींच्या वयाची.

पुढची हकिगत बँकेची आहे, तेव्हा मी खाली मान घालून सांगतो. १० मे १८६६ रोजी लंडनची ओव्हरएन्ड-गर्नी ही बडी पेढी बुडाली. देणं सुमारे एक कोटी दहा लाख पौंडांचं. तिच्यामागं कितीतरी धंदे बसले. त्यात सॅम बीटनही आडवा झाला. बायको गेलेली, आणि व्यवहारात हा गडी मुळातच कच्चा. त्यानं वॉर्ड, लॉक अँड टायलर या प्रकाशकांना सगळे हक्क विकले. बायकोचं पुस्तकही त्यात गेलं. मग तो त्यांच्याच पदरी पगारी संपादक म्हणून राहिला आणि १८७७ मध्ये वारला. हा तो जगातला सर्वांत सुखी नवरा.

नव्या मालकांनी बाई गेल्याचा गवगवा केला नाही. चालू खातं बंद कशाला करायचं? १८६८ पर्यंत वीस लाखांच्या आसपास प्रती खपल्या होत्या. आवृत्त्या निघत राहिल्या, पुस्तक फुगत फुगत दोन हजार पानांवर गेलं. प्रत्येक आवृत्तीबरोबर वाचकांच्या मनातल्या बीटनबाई वयानं वाढत, जाड होत गेल्या. १९३२ साली त्यांच्या धाकट्या मुलानं, ज्याच्या जन्मानंतर आठ दिवसांत त्या गेल्या त्यानं, लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाला आईचा फोटो दिला. पट्ट्यापट्ट्यांच्या रेशमी झग्यातली, चापून केस बसवलेली, विशीतली मुलगी. लोक चक्रावले.

हे सगळं मी हिला एका शनिवारी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या ठाण्याला जाऊन येऊ. तिच्याकडे गेलो नाही बरेच दिवसांत."

गेलो. मेहुणीचं घर म्हणजे दीड खोली आणि गॅलरी. दारात एका पायावर उभं राहून चप्पल काढली, कारण दुसऱ्या पायाला जागा नव्हती. मोठीची परीक्षा, धाकट्याचा खोकला, सासूबाईंचा पाय प्लॅस्टरमध्ये, मेहुणे कामावर. खिडकीशी एक कोपरा होता, साधारण तीन फूट बाय तीन. तिथं घंगाळ, मोगरा, काठाची उशी, तिरपं ऊन. त्याच्या बाहेर, फोटोच्या चौकटीला लागून, धुण्याच्या कपड्यांचा डोंगर. मोगऱ्याला मी हात लावून पाहिला. कापडाचा होता.

"खरा उन्हात माना टाकतो हो, भाऊजी," ती म्हणाली. डोळ्यांखाली काळं झालेलं. "मंगळवारी लेख द्यायचाय. 'निवांत रविवार'. अजून एक ओळ सुचली नाहीये."

"पण तू पाचला उठतेस ना?" मी विचारलं.

"उठते ना. साडेबाराला झोपून."

ही सरळ मोरीकडे गेली. तिथं सकाळपासूनची भांडी होती, पार कढईपर्यंत. पदर खोचून तिनं नळ सोडला. मेहुणी "अगं राहू दे, राहू दे" म्हणत मागोमाग गेली आणि तिच्या शेजारी बसली. मग दोघी बहिणी घासता घासता हसू लागल्या. मावशीच्या वाड्यातल्या कुठल्याशा उन्हाळ्याची गोष्ट होती, मला नीट ऐकू आली नाही. नळाचा आवाज मोठा होता.

"भाऊजी," आतून हाक आली, "तेवढं फडकं घेऊन ताटं पुसता का जरा?"

मी पुसली. वीस-बावीस असतील. मध्येच तिनं फोन घेऊन एक फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात अंक आला. 'निवांत रविवार: पाहुण्यांनाही घरातलं करून घ्या.' सोबत फोटो. तिरपं ऊन, स्टीलचं लखलखीत ताट, त्यावर एक फडकं आणि ते धरलेला एक हात. हात माझा. नाव कुठं नाही.

हिनं तो बराच वेळ निरखून पाहिला.

"घड्याळाचा पट्टा किती उसवलाय हो," ती म्हणाली. "बदलून घ्या उद्या."